कॅफे रेसर: वाऱ्याने घडवलेला आकार आणि आजची मोटारसायकल

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली सुरू झालेले एस कॅफे महायुद्धातल्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाले, १९४९ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि पुढची वीस वर्षे तरुण मोटारसायकलस्वारांचा अड्डा बनून राहिले. ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर वेग गाठणे हे या मंडळींचे ध्येय होते. त्यासाठी त्यांनी हँडल खाली घेतले, पाय ठेवायच्या जागा मागे सरकवल्या, सीट एकट्यापुरती ठेवली आणि नको ते सगळे काढून टाकले. काहींनी तर नॉर्टन कंपनीच्या गाजलेल्या ‘फेदरबेड’ फ्रेममध्ये ट्रायम्फचे इंजिन बसवून ‘ट्रायटन’ नावाचे तिसरेच वाहन घडवले. अशा गाड्यांनाच ‘कॅफे रेसर’ म्हणतात. आज हाच आकार केवळ देखणा म्हणून हवासा वाटतो. त्यामुळे तो मुळात कोणत्या अडचणीवरचा उपाय होता, हे सहसा कोणी विचारत नाही.

ती अडचण होती वाऱ्याची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या विरोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताठ बसलेला स्वार आणि त्याची उघडी मोटारसायकल यांचे विरोधाच्या दृष्टीने परिणामकारक क्षेत्रफळ साधारण ०.६ चौरस मीटर धरले, तर ताशी १६० किलोमीटरला हवेचा विरोध ७०० न्यूटनच्या आसपास जातो आणि केवळ तेवढ्यासाठी सुमारे ४२ अश्वशक्ती खर्ची पडते. १९५९ च्या ट्रायम्फ बॉनव्हिलचे ६४९ सीसीचे इंजिन ४६ अश्वशक्तीचे होते. त्यातला काही भाग साखळी, गिअर आणि टायर यांच्यात जाणार, म्हणजे हिशेब जेमतेम जुळत होता. स्वाराने टाकीवर ओणवे होऊन तेच क्षेत्रफळ ०.४५ पर्यंत आणले, की लागणारी शक्ती ३२ अश्वशक्तीवर येते. इंजिनाला हात न लावता १० अश्वशक्ती वाचतात, आणि त्या काळी इंजिनात फेरफार करून एवढी वाढ मिळवणे मुळीच सोपे नव्हते.

या आसनाची दुसरी बाजू मात्र शहरात कळते. वेगात असताना समोरचा वारा छातीला मागे रेटतो आणि पुढे झुकलेल्या धडाचा काही भार स्वतःच उचलतो. ताशी ४० किलोमीटरला तो रेटा ताशी १६० च्या तुलनेत सोळाव्या हिश्श्यावर येतो आणि मग सगळा भार मनगटांवर पडतो. पुण्याच्या सिंहगड रोडवर संध्याकाळच्या गर्दीत अशी गाडी चालवणाऱ्याची मनगटे दुखतात, यात गाडीचा काही दोष नाही. ते आसन त्या वेगासाठी बेतलेलेच नाही.

आधुनिक गाडीची कॅफे रेसर करायची म्हणजे काय, हे पाहायला रॉयल एन्फिल्डची इंटरसेप्टर ६५० हे चांगले उदाहरण आहे. २०१८ साली कंपनीने तिच्यासोबतच कॉन्टिनेंटल जीटी ६५० बाजारात आणली. दोन्हींत तेच ६४८ सीसीचे, सुमारे ४७ अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे इंजिन आहे आणि सांगाडाही जवळपास तोच आहे. १९५९ च्या बॉनव्हिलशी हे आकडे किती जुळतात, हे पाहून मौज वाटते. जीटीला खाली घेतलेले, फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) नळ्यांना आवळलेले क्लिप-ऑन हँडल आहे, मागे सरकवलेले फूटरेस्ट आहेत, वेगळी सीट आहे आणि १३.७ लिटरच्या जागी १२.५ लिटरची टाकी आहे. म्हणजे कारखान्याने स्वार कुठे आणि कसा बसतो एवढेच बदलले. घरच्या घरी किंवा गॅरेजमध्ये गाडी बदलणाऱ्याने हा धडा आधी गिरवावा असे मला वाटते, कारण बहुतेकांचा हात पहिल्यांदा नेमका सायलेन्सर आणि एअर फिल्टरकडे जातो.

हँडल खाली आले की गाडीचे वागणे बदलते. ७० किलोच्या स्वाराचा गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर पुढे सरकला आणि दोन चाकांमधले अंतर १.४ मीटर असले, तर पुढच्या चाकावरचा भार सुमारे ५ किलोने वाढतो. त्यामुळे पुढचा सस्पेन्शन थोडा अधिक दबतो. क्लिप-ऑन मूळ हँडलपेक्षा अरुंद असल्याने गाडी वळवायला अधिक जोर लागतो, पण रस्त्यातल्या बारीकसारीक धक्क्यांनी हातांतून गाडीला जाणारे अनवधानाचे हेलकावे कमी होतात. खरी काळजी घ्यावी लागते ती पुढचा भाग खाली बसवताना. हँडल ज्या अक्षाभोवती फिरते, ती रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर टेकतो त्या बिंदूच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात आणि हात ढिले सोडले तरी चाक सरळ राहू पाहते, त्याचे एक मोठे कारण हे अंतर असते. इंटरसेप्टरमध्ये ते सुमारे १०६ मिलिमीटर आहे. फोर्कच्या नळ्या वरच्या क्लॅम्पमधून २० मिलिमीटर वर सरकवल्या, तर अक्षाचा कोन सुमारे ०.८ अंशाने उभा होतो आणि ट्रेल जवळजवळ ५ मिलिमीटरने घटते. गाडी चटकन वळू लागते, इथपर्यंत ठीक आहे. त्यातच मागे अधिक उंच शॉक-ॲब्सॉर्बर बसवले, तर हीच घट वाढत जाते आणि वेगात हँडल थरथरण्याची शक्यताही वाढते.

जुन्या आणि नव्या गाडीतला सर्वांत मोठा फरक सीटखाली लपलेला असतो. कॅफे रेसरच्या सांगाड्यातला सीटखालचा त्रिकोण आरपार मोकळा दिसावा म्हणून एअर फिल्टरचा डबा काढून तिथे शंकूच्या आकाराचे छोटे फिल्टर लावण्याची पद्धत आहे. तो डबा मात्र नुसती धूळ अडवत नसतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की आतल्या हवेचा ठरावीक स्वर उमटतो, त्याप्रमाणे डबा आणि त्याची नळी मिळून हवेची ठरावीक कंपनसंख्या ठरते. सिलिंडर हवा ओढतो तेव्हा उठणारे दाबाचे तरंग या कंपनसंख्येशी जुळले, की इंजिनाच्या त्या फेऱ्यांना (आरपीएमला) सिलिंडर अधिक भरतो आणि मधल्या फेऱ्यांवरचा जोर त्यातून मिळतो. डबा गेला की हा जोर घटतो. वर, इंजिनाजवळची तापलेली आणि म्हणून विरळ हवा आत जाते.

कार्ब्युरेटरच्या काळात मेकॅनिक मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे अधिक मोठे छिद्र, बसवून हा हिशेब पुन्हा जुळवत असे. आजच्या गाडीत पेट्रोल किती फवारायचे हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवतो. इंजिनाच्या फेऱ्या, थ्रॉटल किती उघडा आहे आणि हवेचा दाब किती आहे हे पाहून, कारखान्याने भरलेल्या तक्त्यातून तो पेट्रोलचे प्रमाण काढतो. तो तक्ता मूळ डब्यासाठीच तयार केलेला असतो. संथ चालीत एग्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडून खबर मिळत राहते आणि ईसीयू एका भाग पेट्रोलाला १४.७ भाग हवा हे प्रमाण सांभाळून घेतो, त्यामुळे बदल केल्यावर पहिली फेरी मारून आलेला मालक खूश असतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की बहुतेक गाड्यांत ही खबर बाजूला ठेवली जाते आणि ईसीयू निव्वळ तक्त्यावर चालतो. तिथे जोरासाठी प्रमाण १३ च्या आसपास हवे असते. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले, तर मिश्रण पातळ होते, एग्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टन अधिक तापतात. चूक महागात पडते ती नेमकी अशा वेळी, आणि ती दुरुस्त करायची तर डायनोवर, म्हणजे इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी चढवून नवा तक्ता भरावा लागतो. सायलेन्सर बदलताना त्यातला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, तर १ एप्रिल २०२० पासून लागू असलेली बीएस-६ ची प्रदूषणमर्यादाही गेली, हे वेगळे सांगायला नको.

मागचा भाग छाटून मागे कुबडासारखा उंचवटा असलेली सीट बसवणे हे तुलनेने सोपे काम समजले जाते. ते सोपे नाही, कारण मागे अधांतरी असलेल्या नळ्यांवर खड्ड्यागणिक वाकवणारा ताण येतो आणि वेल्डिंगच्या शेजारचा तापलेला पट्टा हळूहळू थकून तडकतो. जाणता वेल्डर कापलेल्या नळीत आतून घट्ट बसणारा तुकडा घालूनच नव्या नळीचा वळसा जोडतो आणि काम सुरू करण्याआधी बॅटरी व ईसीयू सोडवून ठेवतो, कारण वेल्डिंगचा प्रवाह वायरिंगमधून वाट काढू शकतो. बॅटरी आणि वायरिंगचे जुडगे यांना मग नव्या सीटखाली जागा शोधावी लागते. ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या एबीएसला हात लावायचा नसतो. ते दोन्ही चाकांच्या वेगांची तुलना करत असते आणि मागे १८ ऐवजी १७ इंचाचे चाक त्याच जाडीच्या टायरसह घातले, तर परीघ सुमारे ४ टक्क्यांनी घटून ती तुलनाच बिघडते.

इतके करून वजन किती कमी होते? दोनशे किलोच्या गाडीवर ७० किलोचा स्वार धरला आणि १० किलो वाचवले, तर एकूण वजनात फरक पडतो ३.७ टक्के. ओणवे होण्याने मिळणारा फायदा यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्टपणे उचलून धरले आहे. सांगाडा छाटणे आणि सायलेन्सर बदलणे याच कात्रीत सापडते, शिवाय अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न त्याचाच विचारते. हँडल, फूटरेस्ट आणि सीट यांच्याबाबतही कंपनीने त्याच मॉडेलसाठी अधिकृतपणे विकलेले सुटे भाग घेणे शहाणपणाचे, आणि काढलेले मूळ भाग बोल्टांसकट जपून ठेवलेले बरे.