विकणाराच गिऱ्हाईक झाला: दारोदार विक्रीपासून साखळीपर्यंत

१९३१ साली अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या ग्रीन रिव्हर या रेल्वेच्या गावाने एक नियम केला. घरच्यांनी बोलावल्याशिवाय माल विकायला कुणी दारात यायचे नाही. गावातली बरीच माणसे रेल्वेत रात्रपाळी करणारी. दिवसा त्यांना झोप हवी असे आणि विक्रेते दर थोड्या वेळाने दार वाजवत. घरोघरी ब्रश विकणारी फुलर ब्रश कंपनी या नियमाविरुद्ध कोर्टात गेली आणि १९३३ मध्ये हरली. मग अनेक अमेरिकी गावांनी तोच नियम उचलला.

नव्वद वर्षांनी, २८ डिसेंबर २०२१ रोजी, भारत सरकारने डायरेक्ट सेलिंगचे, म्हणजे दुकानाशिवाय थेट ग्राहकाला माल विकण्याचे, नियम जारी केले. त्यातही हेच आहे: ओळखपत्र नसताना किंवा आधी वेळ ठरवलेली नसताना विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जायचे नाही. दोन्ही नियम सारखे दिसतात, पण मधल्या काळात धंदा मुळापासून बदलला. ग्रीन रिव्हरमध्ये त्रास दाराच्या आतल्या माणसाला होता. आज सगळ्यात जास्त नुकसान दाराबाहेर बॅग घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे होते. हा बदल कसा झाला, ते समजून घेतल्याशिवाय ‘चेन मार्केटिंग’वरची चर्चा ‘लोक लोभी असतात’ यापलीकडे जात नाही, आणि ते त्या लोकांवर अन्याय करणारे आहे.

दारोदार पुस्तके विकणाऱ्या डेव्हिड मॅककॉनेलने १८८६ साली न्यूयॉर्कमध्ये कॅलिफोर्निया परफ्यूम कंपनी सुरू केली. पुस्तकांबरोबर तो अत्तराची छोटी कुपी फुकट देत असे, आणि बायकांना पुस्तकापेक्षा अत्तरच जास्त आवडते हे त्याने हेरले. न्यू हॅम्पशायरमधल्या श्रीमती अल्बी या त्याच्या पहिल्या एजंट. त्यांनी गावोगावच्या बायकांना या कामात आणले. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळायला अजून चौतीस वर्षे होती. अशा काळात घर सांभाळून चार पैसे स्वतःच्या हातात येणे ही साधी गोष्ट नव्हती. हीच कंपनी पुढे एव्हॉन झाली. या धंद्याची ही बाजू खरी आहे आणि ती नाकारू नये. ज्या बाईला ऑफिसात नोकरी कुणी देत नव्हते, तिला इथे काम मिळाले.

मात्र पगार नव्हता. विकले तर कमिशन, न विकले तर काही नाही. चपला झिजल्या, गाडीभाडे गेले, पावसात दिवस फुकट गेला, तर तो खर्च विक्रेत्याचा. ‘तुम्ही नोकर नाही, तुम्ही स्वतःच्या धंद्याचे मालक’ हे वाक्य त्याच व्यवस्थेतून आले. अमेरिकेत १९३५ नंतर नोकरदारांसाठी सामाजिक सुरक्षेचे कायदे आले तेव्हा कंपन्यांना या वाक्याचा फार उपयोग झाला, कारण मालकाचा पीएफ कुणी भरत नाही. १९८२ च्या अमेरिकी करकायद्याने तर असे विक्रेते कर्मचारी धरायचे नाहीत, असे लिहूनच टाकले.

तरीही इथवर साखळी नव्हती. विक्रेत्याची कमाई बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या खिशातून येत होती. हे बदलले १९४५ मध्ये. कार्ल रेनबोर्ग नावाचा माणूस कॅलिफोर्नियात न्यूट्रिलाइट नावाची जीवनसत्त्वे बनवत होता. ली मायटिंगर आणि विल्यम कॅसलबेरी या दोघांनी ती विकण्याची नवी योजना बसवली. विक्रेत्याला स्वतःच्या विक्रीवर कमिशन मिळेच, शिवाय त्याने आणलेल्या विक्रेत्यांच्या खरेदीवरही वाटा मिळू लागला. एका गोळीच्या डब्यावर दोन-तीन पातळ्यांचे लोक जगू लागले. १९४९ मध्ये रिच डेव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल हे मिशिगनमधले दोन मित्र याच न्यूट्रिलाइटचे वितरक झाले, आणि १९५९ मध्ये त्यांनी अॅम्वे काढली. पुढे न्यूट्रिलाइटच त्यांनी विकत घेतली.

एकदा आणलेल्या माणसावर पैसे मिळू लागले की साबण विकण्यापेक्षा माणूस आणणे फायद्याचे ठरते. साबण महिन्यातून एकदा खपतो, पण नवा माणूस आल्या दिवशीच मोठी खरेदी करतो. १९६० च्या दशकाच्या शेवटी कॉस्कॉट इंटरप्लॅनेटरीसारख्या कंपन्यांनी हे उघडउघड केले. सौंदर्यप्रसाधने नावाला होती, खरा पैसा वितरकपदाच्या शुल्कात होता. १९७५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कॉस्कॉटच्या प्रकरणात जी कसोटी दिली ती आजही वापरात आहे: सहभागी होणारा कंपनीला पैसे देतो, आणि त्याबदल्यात त्याला माल विकण्याचा हक्क आणि नवी माणसे आणल्याचा मोबदला मिळतो, हा मोबदला खऱ्या ग्राहकाला झालेल्या विक्रीशी जोडलेला नसेल, तर तो पिरॅमिड.

१९७९ मध्ये त्याच आयोगाने अॅम्वेला मात्र पिरॅमिड ठरवले नाही. कंपनीचे तीन नियम त्यासाठी कारण ठरले: सोडून जाणाऱ्याचा माल परत घ्यायचा, घेतलेला ७० टक्के माल खपवल्याशिवाय नवा घ्यायचा नाही, आणि दर महिन्याला किमान दहा किरकोळ ग्राहकांना विकायचे. किमती ठरवण्याबद्दल आणि कमाई फुगवून सांगण्याबद्दल आयोगाने कंपनीला दोषी धरले, पण ते लोक विसरले. लक्षात राहिले ते एवढेच की हा धंदा कायदेशीर आहे. जगभरातल्या कंपन्यांनी हा निकाल ढालीसारखा वापरला. कागदावरचे ते तीन नियम गल्लीत खरोखर पाळले जातात का, हे कोण तपासणार, हा प्रश्न तिथेच राहिला.

भारतात कायदा आधी आला आणि कंपन्या नंतर. सत्तरच्या दशकात बक्षिसी भिशी आणि पैसे फिरवण्याच्या योजनांचा सुळसुळाट झाला होता. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज समितीने त्यांवर बंदीची शिफारस केली आणि १९७८ मध्ये प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) अॅक्ट आला. सभासद भरती होण्यावर अवलंबून असलेल्या झटपट पैशाला मनाई हा या कायद्याचा गाभा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड. दंडाचा आकडा त्या काळाचा आहे, आणि कोट्यवधींच्या प्रकरणांतही लोक तोच वाचून दाखवतात.

त्यानंतर चार वर्षांनी, १९८२ मध्ये, मुंबईत युरेका फोर्ब्स सुरू झाली. व्हॅक्यूम क्लीनरची, पुढे पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची बॅग घेऊन टाय लावलेला तरुण दारात उभा, हे चित्र मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाने या कंपनीमुळे पाहिले. बेल वाजवायची, डेमो द्यायचा, ‘काकू, फक्त पाच मिनिटं’ म्हणत गालिच्यातली धूळ काढून दाखवायची. हे काम कष्टाचे होते, अपमानाचेही होते, पण साखळीचे नव्हते. त्या तरुणाला शेजारच्या तरुणाला भरती करून पैसे मिळत नव्हते. हा फरक मी मुद्दाम सांगतो आहे, कारण दोन्हींना सरसकट ‘डायरेक्ट सेलिंग’ म्हटल्याने साखळीवाल्यांना कष्टाळू सेल्समनची प्रतिष्ठा आयती मिळते.

उदारीकरणानंतर ओरिफ्लेम १९९५ मध्ये, टपरवेअर आणि मोदीकेअर १९९६ मध्ये आल्या. अॅम्वेने १९९८ मध्ये इथला व्यवहार सुरू केला. त्यांच्या मागोमाग देशी योजनांची रांग लागली. तालुक्याच्या गावातल्या मंगल कार्यालयात सभा भरू लागल्या. ‘प्लॅन दाखवणे’, ‘आयडी लावणे’ (सभासद करून घेणे), ‘डाउनलाइन’ (आपल्या खालचे सभासद), ‘उजवा लेग, डावा लेग’ (खालच्या दोन फांद्या) हे शब्द शेतकऱ्यांच्या मुलांच्या तोंडी आले. भारतात जास्त चालली ती बायनरी. एकाच्या खाली दोघे, त्या दोघांखाली चौघे, चौघांखाली आठ.

याचे गणित फळ्यावर कुणी पुरते मांडत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. दुपटीच्या सत्ताविसाव्या पायरीवर १३ कोटी ४२ लाख माणसे लागतात. म्हणजे पाळण्यातल्या बाळापासून अंथरुणावरच्या आजीपर्यंत सगळा महाराष्ट्र घातला तरी पायरी भरत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. बायनरी कितीही वाढली तरी सगळ्यात खालच्या ओळीत एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिक असतात, आणि त्यांच्या खाली कुणीच नसते. साखळी भरभराटीत असो की बुडत असो, निम्मे लोक नेहमीच रिकाम्या हाताचे. हे त्यांच्या आळसामुळे नाही, योजनेच्या आकारामुळे होते. तरीही सभेत त्यांना सांगतात की तुझी मेहनत कमी पडली, तुझी विचारसरणी नकारात्मक आहे. हे ऐकून पोरगे घरी येते आणि स्वतःलाच दोष देते. या धंद्यातले सगळ्यात मोठे नुकसान मला हेच वाटते, पैशापेक्षाही.

ही निव्वळ तर्काची गोष्ट नाही. अमेरिकी व्यापार आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी २०२४ मध्ये सत्तर एमएलएम (मल्टिलेव्हल मार्केटिंग, म्हणजे साखळीच्या) कंपन्यांची स्वतःच जाहीर केलेली कमाईची निवेदने तपासली. बहुतेक सहभागी वर्षाला हजार डॉलर किंवा त्याहून कमी मिळवत होते, आणि तेही खर्च वजा न करता. किमान सतरा कंपन्यांत बहुतेकांना काहीच मिळाले नव्हते.

इथल्या न्यायालयांत काय झाले? २००७ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने अॅम्वेची योजना प्रथमदर्शनी १९७८ च्या कायद्यात बसते असे म्हटले. २०१३ मध्ये केरळ पोलिसांनी आणि २०१४ मध्ये आंध्र पोलिसांनी कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना अटक केली. एप्रिल २०२२ मध्ये ईडीने कंपनीची ७५७ कोटींहून अधिक मालमत्ता जप्त केली, आणि हा माल विकण्याच्या आडून चालवलेला पिरॅमिड आहे असा आरोप ठेवला. कंपनीने तो नाकारला. मुंबईत आर्थिक गुन्हे शाखेकडे २०११ मध्ये ऑनलाइन सर्वेक्षणाच्या नावाने पैसे घेणाऱ्या स्पीक एशियाचे आणि २०१३ मध्ये क्यूनेट या साखळी कंपनीचे प्रकरण आले. २०१४ मध्ये नाशिकच्या केबीसी नावाच्या कंपनीचे प्रकरण फुटले. ते गुंतवणुकीचे होते, साबण-शाम्पूचे नव्हते, पण एजंट गावातलाच, ओळखीचा, नात्यातला. म्हणून लोकांनी पासबुक पाहिले नाही, तोंड पाहिले.

नात्याचा असा वापर अटळ नव्हता, हे सांगायला महाराष्ट्राकडेच उदाहरण आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधले, महिन्याच्या याद्या एकत्र केल्या, घाऊक भावाने धान्य आणि किराणा आणून वाटला. वाटपाचे काम घरातल्या माणसांनीच केले. तीच इमारत, त्याच वहिनी, तीच ओळख. एका ठिकाणी ओळखीमुळे सगळ्यांचा खर्च कमी झाला. दुसऱ्या ठिकाणी त्याच ओळखीवर दर डब्यामागे पाच-सहा जणांचे कमिशन चढले, आणि ते कमिशन भागवण्यासाठी मालाची किंमत फुगली. बाहेरचा गिऱ्हाईक त्या किमतीला घेत नाही. मग घेतो कोण? विकणाराच. महिन्याचे पॉइंट (ठरवून दिलेली खरेदी) पूर्ण करायला, आयडी चालू ठेवायला तो स्वतःच डबे घेतो आणि ते कपाटात साठतात. कंपनीच्या वहीत ती ‘विक्री’ असते.

२०१६ च्या मार्गदर्शक सूचना आणि २०२१ चे नियम यांनी काही दारे बंद केली. प्रवेश शुल्क घ्यायचे नाही. पिरॅमिड आणि पैसे फिरवण्याच्या योजना चालवायच्या नाहीत. ‘आणखी चार माणसे आणा, तुमचे पैसे वसूल होतील’ असे सांगून माल गळ्यात मारायचा नाही. कंपनीचे भारतात कार्यालय हवे, तक्रार निवारण अधिकारी हवा, राज्यांनी देखरेखीची यंत्रणा उभारायची. हे सगळे चांगले आहे. पण शुल्काऐवजी ‘स्टार्टर पॅकेज’ (सुरुवातीचा मालाचा संच) घ्यायला लावले की शुल्क नावापुरते नाहीसे होते. शहरातल्या एखाद्या गाळ्यात नोकरीच्या नावाने बोलावून गावाकडच्या मुलाला पॅकेज घ्यायला लावणारे यावर पावती देतात: माल विकला, शुल्क घेतले नाही.

पोलिसांपर्यंत फार थोडे लोक पोहोचतात, याची दोन कारणे आहेत. पहिले घरातले. ज्याने आयडी लावला तो मामा आहे किंवा वर्गमित्र आहे. तक्रार कंपनीविरुद्ध केली तरी पहिले नाव त्याचे येते. दुसरे कायद्यातले, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. १९७८ च्या कायद्याचे तिसरे कलम योजना चालवणाऱ्याबरोबर सभासद होणाऱ्यालाही आणि कोणत्याही प्रकारे भाग घेणाऱ्यालाही मनाई करते. ज्याने वडिलांकडून पैसे घेऊन पॅकेज घेतले आणि नंतर आपले पैसे सुटावेत म्हणून दोन मित्रांना आणले, तो कायद्याच्या नजरेत फसलेला आहे आणि फसवणारांतलाही आहे. वकील त्याला हे सांगतो तेव्हा तो फिर्याद न देता परत जातो. वरच्या पायरीवरच्यांना याची पूर्ण कल्पना असते. खालच्या ओळीतला, ज्याच्या खाली कुणीच नाही किंवा ज्याने दोघा-चौघांनाच आणले, त्याला आरोपीऐवजी साक्षीदार धरण्याची स्पष्ट तरतूद १९७८ च्या कायद्यात नाही. २०२१ च्या नियमांनीही ती केलेली नाही.