रिक्तिकेच्या मागे लागलेला माणूस: योशिनोरी ओसुमी

पेशी स्वतःचेच भाग कसे पचवते, या शोधासाठी जपानी जीवशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि आपल्याकडे 'उपवासाला नोबेल' असे निरोप मोबाइलवर फिरू लागले. एकादशी आली की ते अजूनही येतात. प्रत्यक्षात ओसुमींनी उपाशी ठेवलं ते यीस्टच्या पेशींना, आणि तेही फक्त नत्रावाचून. त्यांची जवळपास सगळी कारकीर्द गेली ती रिक्तिकेचा अभ्यास करण्यात. शाळेच्या पुस्तकात पेशीच्या आकृतीत जी मोठी मोकळी जागा दाखवतात, ती रिक्तिका. यीस्टमध्ये ती असते, वनस्पतींमध्ये तर असतेच असते. म्हणून या कामाची वनस्पतींकडची बाजूही सांगायला हवी. नोबेलच्या बातम्यांत ती जवळजवळ हरवूनच गेली.

ओसुमींचा जन्म १९४५चा, फुकुओकाचा. टोकियो विद्यापीठातून १९७४मध्ये डॉक्टरेट घेऊन ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेराल्ड एडेलमन यांच्याकडे गेले. तिथे आधी उंदरांच्या बीजांडांवर काम केलं, पण ते काही मनासारखं पुढे सरकेना. मग ते यीस्टकडे वळले. यीस्टची केंद्रकं वेगळी काढताना फिरवलेल्या नळीत सगळ्यात वर एक थर जमायचा, तो रिक्तिकांचा. कामाच्या दृष्टीने तो टाकाऊ होता. ओसुमींचं लक्ष मात्र त्याच्यावरच खिळलं.

१९७७मध्ये ते टोकियोला यासुहिरो अन्राकू यांच्या प्रयोगशाळेत परतले. रिक्तिका म्हणजे पेशीची कचराकुंडी, असाच तेव्हा बहुतेकांचा समज होता. ओसुमींनी तिच्या पटलातून काय आत जातं, काय बाहेर येतं, हे तपासायला घेतलं. आतलं आम्ल टिकवून धरणारा एक प्रथिन-पंप या पटलात असतो. त्यावरही त्यांनी काम केलं. हा पंप पुढे पुन्हा भेटणार आहे.

१९८८मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, त्यांना स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली. पेशी स्वतःचेच भाग पचवते, हे प्राण्यांच्या पेशींत आधीच दिसलं होतं. बेल्जियमच्या क्रिस्तियाँ द द्यूव यांनी १९६३मध्ये त्याला 'ऑटोफॅजी' हे नावही दिलं होतं. पण ते घडतं कसं, कोणत्या जनुकांमुळे, याचा पत्ता नव्हता. ओसुमींची युक्ती साधी होती. रिक्तिकेतली पाचक विकरं ज्यांच्यात नाहीत असं यीस्ट घ्यायचं, त्याचा नत्राचा पुरवठा तोडायचा आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. आत आलेलं पचणार नाही, म्हणजे ते साठेल आणि दिसेल. झालंही तसंच. काही तासांत रिक्तिका बारीक गोल कणांनी भरली आणि ते कण आत सारखे थरथरत, हलत होते. मिसुझू बाबा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा ते पटलात गुंडाळलेले पेशीद्रवाचेच तुकडे निघाले.

पुढची पायरी जनुकांची. ऑटोफॅजी न जमणारं यीस्ट उपासमारीत लवकर मरतं, हे पहिल्या उत्परिवर्तित पेशीवरून कळलं. मग नेमक्या अशा मरणाऱ्या पेशी हुडकून मिकी त्सुकादा या विद्यार्थिनीने ओसुमींसोबत पंधरा जनुकांचा माग काढला. १९९३चा तो छोटासा शोधनिबंध माझ्या मते या सगळ्या कारकिर्दीचा कणा आहे.

१९९६मध्ये ओसुमी ओकाझाकीच्या मूलभूत जीवशास्त्र संस्थेत गेले आणि तिथे यीस्टच्या जोडीला प्राण्यांच्या पेशी आणि अरॅबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली इवलीशी वनस्पती आली. यीस्टमधली ही जनुकं वनस्पतींतही सापडली. त्यांपैकी एटीजी-८ हे जनुक यीस्टमध्ये एकच असतं, अरॅबिडॉप्सिसमध्ये त्याची नऊ भावंडं आहेत. वनस्पतीत ऑटोफॅजी डोळ्यांनी बघायची तर ओसुमींच्या गटाने मुळांच्या पेशींतला तोच जुना पंप औषधाने बंद पाडला. आम्ल कमी झालं, पचन थांबलं आणि रिक्तिकेत तसेच कण साठले.

ही जनुकं बिघडवलेली रोपं भरपूर खत असेल तर वाढतात, बीही धरतात. पण त्यांची पानं लवकर पिवळी पडतात आणि नत्र तोडलं की ती निरोगी रोपांच्या आधी मान टाकतात. नत्र कमी पडलं की ज्वारी-मक्याची खालची पानं आधी पिवळी होतात, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. जुन्या पानातलं नत्र काढून झाड ते नव्या पानांना देतं. पानातलं बरंचसं नत्र हरितलवकातल्या रुबिस्को या प्रथिनात अडकलेलं असतं. त्या प्रथिनाच्या पुरचुंड्या ऑटोफॅजीच्या वाटेने रिक्तिकेत पोचतात, हे २००८मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. त्या निबंधावर ओसुमींचंही नाव आहे.

भाताची गोष्ट आणखी वेगळी निघाली. अरॅबिडॉप्सिस ऑटोफॅजीवाचूनही बी धरते, पण भातात ती बंद केली तर परागकणच नीट पक्व होत नाहीत आणि दाणा भरत नाही. हे २०१४मध्ये जपानमध्येच दिसून आलं.