स्ट्रेस आणि स्ट्रेन ट्रान्सफॉर्मेशन

एखाद्या लोड घेतलेल्या वस्तूतल्या एकाच बिंदूवर वेगवेगळ्या कोनातल्या प्लेनवर (मनात कापलेल्या सपाट पृष्ठभागावर) किती नॉर्मल स्ट्रेस (प्लेनला काटकोनात ओढणारा किंवा दाबणारा) येतो आणि किती शिअर (प्लेनच्या बाजूने घसरवणारा) येतो हे काढायची जी पद्धत आहे तिला स्ट्रेस ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात, आणि तेच काम स्ट्रेनसाठी केलं की स्ट्रेन ट्रान्सफॉर्मेशन. स्ट्रेस म्हणजे एकक क्षेत्रफळावर येणारा फोर्स, स्ट्रेन म्हणजे मूळ मापाच्या तुलनेत झालेला बदल. मराठी पुस्तकात प्रतिबल आणि विकृती हे शब्द सापडतात पण वर्गात, वर्कशॉपमध्ये सगळे स्ट्रेस आणि स्ट्रेनच म्हणतात, म्हणून इथेही तेच वापरतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. बिंदूवरचा स्ट्रेस बदलत नाही, बदलतो तो आपला कापायचा कोन. लोड तोच, वस्तू तीच, बिंदू तोच, फक्त आपण मनातल्या मनात तो बिंदू उभा कापला की एक आकडे मिळतात आणि तिरका कापला की दुसरे. एक्स आणि वाय अक्ष आपण आपल्या सोयीसाठी काढलेले असतात, मटेरियलला त्यांच्याशी काही घेणंदेणं नसतं, त्याला जिथे सगळ्यात जास्त ओढ बसते किंवा जिथे घसरायला सगळ्यात सोपं जातं तिथूनच ते जातं. हे न कळता नुसते फॉर्म्युले पाठ केले की सगळा चॅप्टर त्रिकोणमितीचा वाटायला लागतो, आणि तो तसा नाहीये.

पुरावा हातात घेऊन बघता येतो. एक खडू घ्या आणि दोन्ही टोकं धरून पिळा. तो सरळ आडवा तुटत नाही, अक्षाशी साधारण ४५ अंशात गोल फिरत जाणारा स्क्रूसारखा तुकडा पडतो. पिळ देताना आपण तर फक्त शिअर लावलेला असतो, ओढ कुठेच लावलेली नसते, मग हे ४५ अंश आले कुठून? तर शुद्ध शिअर असलेला एलिमेंट (बिंदूभोवती कल्पलेला छोटा चौकोन) ४५ अंश फिरवून बघितला की त्याच्यावर शिअर शून्य असतो आणि एका बाजूने तेवढाच टेन्शन, दुसऱ्या बाजूने तेवढंच कॉम्प्रेशन असतं. खडू ओढीला कच्चा, म्हणून तो टेन्शनच्या प्लेनवर फाटतो, बीडाचा म्हणजे कास्ट आयर्नचा बार पण असाच तुटतो. माइल्ड स्टीलचा बार मात्र पिळून तोडला तर अक्षाला काटकोनात सपाट तुटतो कारण ते शिअरला आधी हार मानतं आणि शिअर त्या आडव्या प्लेनवर सगळ्यात जास्त. आणि लाकडाचा दांडा पिळला तर तो लांबीच्या दिशेने चिरतो, कारण आडव्या प्लेनवर जेवढा शिअर तेवढाच उभ्या प्लेनवर पण असतो, त्याला कॉम्प्लिमेंटरी शिअर म्हणतात, आणि लाकूड धाग्यांच्या दिशेने सगळ्यात कमजोर. लोड एकच, तुटायचे प्रकार तीन.

आता हिशोब. प्लेन स्ट्रेस म्हणजे पातळ प्लेट किंवा मोकळा पृष्ठभाग, जिथे झेड दिशेला काही स्ट्रेस नाही, तिथे तीन आकडे पुरतात, सिग्मा एक्स, सिग्मा वाय (त्या त्या दिशेचे नॉर्मल स्ट्रेस) आणि टाऊ एक्सवाय (शिअर). एलिमेंटचा एक तिरका कोपरा कापून पाचर करायची आणि तिचा समतोल लिहायचा. इथे बहुतेक जण एकच चूक करतात, स्ट्रेसचाच समतोल लिहितात. समतोल फोर्सचा असतो, स्ट्रेसचा नाही! आधी प्रत्येक स्ट्रेसला त्याच्या त्याच्या बाजूच्या एरियाने गुणायचं आणि मग घटक पाडायचे. म्हणूनच फॉर्म्युल्यात कॉस थीटाचा वर्ग येतो, एक कॉस एरियातून आणि एक कॉस फोर्सचा घटक पाडताना, व्हेक्टर फिरवताना एकदाच कॉस येतो आणि स्ट्रेस फिरवताना दोनदा येतो तो याच कारणाने, स्ट्रेस हा व्हेक्टर नाही, टेन्सर आहे, म्हणजे त्याला फोर्सची दिशा आणि प्लेनची दिशा दोन्ही लागतात. वर्गाचं डबल अँगलमध्ये रूपांतर केलं की नेहमीचं समीकरण मिळतं: तिरक्या प्लेनवरचा नॉर्मल स्ट्रेस = सिग्मा एक्स आणि सिग्मा वायची सरासरी + त्यांच्या फरकाचा अर्धा × कॉस २थीटा + टाऊ × साइन २थीटा. आणि शिअर = टाऊ × कॉस २थीटा − फरकाचा अर्धा × साइन २थीटा. थीटा हा प्लेनच्या नॉर्मलचा एक्स अक्षाशी असलेला कोन, प्लेनचा स्वतःचा नाही, यात पण खूप गोंधळ होतो.

कुठल्या तरी कोनाला शिअर शून्य होतो. त्या प्लेनना प्रिन्सिपल प्लेन म्हणायचं आणि त्यांच्यावरच्या नॉर्मल स्ट्रेसला प्रिन्सिपल स्ट्रेस, हे त्या बिंदूवरचे सगळ्यात मोठे आणि सगळ्यात छोटे नॉर्मल स्ट्रेस असतात. उदाहरण घेऊ, सिग्मा एक्स ७०, सिग्मा वाय १०, टाऊ ४०, सगळे मेगापास्कलमध्ये. सरासरी ४०, फरकाचा अर्धा ३०, आणि ३० चा वर्ग अधिक ४० चा वर्ग यांचं वर्गमूळ ५०. म्हणजे प्रिन्सिपल स्ट्रेस ४० + ५० = ९० आणि ४० − ५० = −१०. बघा, सुरुवातीला दोन्ही दिशांना टेन्शनच दिसत होतं, पण त्याच बिंदूवर एका दिशेला १० मेगापास्कल कॉम्प्रेशन लपलेलं होतं, आणि सगळ्यात मोठं टेन्शन ७० नाही तर ९० होतं. कोन काढायला टॅन २थीटा = ४० भागिले ३०, म्हणजे २थीटा ५३.१३ अंश आणि थीटा २६.५७ अंश. कमाल शिअर ५०, आणि तो प्रिन्सिपल प्लेनपासून ४५ अंशावर असतो, तिथे नॉर्मल स्ट्रेस शून्य नसतो हे लक्षात ठेवा, तिथे सरासरी म्हणजे ४० असतो. तपासणी पण सोपी, ७० + १० = ८० आणि ९० − १० = ८०, कितीही फिरवा बेरीज तीच राहते, नाही राहिली तर कुठेतरी चुकलंय. आणखी एक सावधगिरी, टॅनचं उत्तर ९० अंशांच्या फरकाने दोन थीटा देतं आणि कॅल्क्युलेटर त्यातला एकच दाखवतो, तो ९० चा आहे का −१० चा हे नॉर्मल स्ट्रेसच्या समीकरणात टाकूनच बघायचं, अंदाजाने नाही.

हेच सगळं एका वर्तुळात बसतं हे जर्मन इंजिनियर ख्रिश्चन ओटो मोहर यांनी १८८२ साली दाखवलं, म्हणून मोहर्स सर्कल. त्यांच्या आधी कार्ल कुलमान यांनी ग्राफिक पद्धत मांडली होती आणि स्ट्रेसची मूळ कल्पना फ्रेंच गणिती कोशी यांची, १८२० च्या दशकातली. आडव्या अक्षावर नॉर्मल स्ट्रेस, उभ्या अक्षावर शिअर, सेंटर ४० वर, त्रिज्या ५०, वर्तुळ आडव्या अक्षाला ९० आणि −१० वर छेदतं, झालं. वस्तूत थीटा फिरलं की वर्तुळावर २थीटा फिरतं, म्हणून वस्तूत काटकोनात असलेले दोन प्लेन वर्तुळावर बरोबर समोरासमोर येतात. शिअरचं चिन्ह मात्र सांभाळायचं, एक्स फेसचा बिंदू काढताना पॉझिटिव्ह टाऊ खालच्या बाजूला घेतला तर वर्तुळावरची फिरायची दिशा आणि एलिमेंटची दिशा एकच राहते, वरच्या बाजूला घेतला तर उलटी होते. दोन्ही पद्धती चालतात, पण एकच धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. माझं प्रामाणिक मत असं की कॅल्क्युलेटर हातात असताना सर्कलचा उपयोग आकडे मोजायला फारसा राहिला नाही, त्याचा खरा उपयोग बघायला आहे. शुद्ध शिअर म्हणजे सेंटर शून्यावर. साधा ओढलेला बार म्हणजे वर्तुळ शून्याला टेकलेलं, कमाल शिअर ओढीच्या अर्धा. आणि सगळीकडून सारखाच दाब असेल तर वर्तुळाचा बिंदू होऊन जातो, कुठल्याच प्लेनवर शिअर नाही. इतकं चित्र डोळ्यासमोर आलं की अर्धं काम झालं.

यात एक खड्डा आहे ज्यात भलेभले पडतात, तो म्हणजे तिसरा प्रिन्सिपल स्ट्रेस. प्लेन स्ट्रेस म्हटलं तरी बिंदू तीन मितींचाच असतो, झेड दिशेचा स्ट्रेस शून्य आहे म्हणजे तिसरा प्रिन्सिपल स्ट्रेस शून्य आहे, तो नाहीच असं नाही. पातळ भिंतीचं प्रेशरचं सिलिंडर घ्या, हूप स्ट्रेस (गोल घेराच्या दिशेचा) प्रेशर × त्रिज्या ÷ जाडी आणि लांबीच्या दिशेचा त्याच्या अर्धा. नुसतं या दोघांचं वर्तुळ काढलं तर कमाल शिअर हूपच्या पाव येतो. पण तिसरा शून्य धरून हूप आणि शून्य यांच्यातलं वर्तुळ काढलं तर तो हूपच्या अर्धा येतो, सरळ दुप्पट! दोन्ही प्रिन्सिपल स्ट्रेस एकाच चिन्हाचे असले की हे होतं, वरच्या ९० आणि −१० च्या उदाहरणात शून्य मधेच पडतो म्हणून तिथे ५० च बरोबर. जनरल केसमध्ये सहा स्वतंत्र आकडे असतात, प्रिन्सिपल स्ट्रेस म्हणजे त्या आकड्यांच्या मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू, आणि एकाऐवजी तीन वर्तुळं निघतात.

प्रिन्सिपल स्ट्रेस मिळाले की मटेरियल टिकेल का हा प्रश्न. डक्टाइल (तुटण्याआधी ताणलं जाणाऱ्या) मटेरियलसाठी त्रेस्काचा निकष कमाल शिअर बघतो आणि फॉन मिझेसचा निकष आकार बदलण्यात लागणाऱ्या ऊर्जेवरून (डिस्टॉर्शन एनर्जी) एक आकडा देतो, आपल्या उदाहरणात त्रेस्काने (कमाल शिअरची दुप्पट) १०० आणि फॉन मिझेसने सुमारे ९५.४ मेगापास्कल, यील्ड (ज्या स्ट्रेसला कायमचा आकार बदलायला लागतो) २५० असलेल्या स्टीलला दोन्हींनी चालतं. ठिसूळ मटेरियलला सगळ्यात मोठं टेन्शनच बघावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये फॉन मिझेसचं रंगीत चित्र बघून कास्ट आयर्न किंवा काँक्रीटबद्दल निर्णय घेणं मला अजिबात पटत नाही, कारण त्या आकड्याला चिन्हच नसतं, ओढ आहे का दाब हे तो सांगतच नाही. काँक्रीटच्या बीमला सपोर्टजवळ तिरक्या भेगा पडतात त्या पण याच गणितातून, तिथे शिअर जास्त, बेंडिंग कमी, म्हणून मुख्य टेन्शन साधारण ४५ अंशात येतं, आणि त्या भेगांना मधून छेदायला स्टिरप म्हणजे रिंगा टाकतात.

आता स्ट्रेन. समीकरणं तीच, फक्त सिग्माच्या जागी एप्सिलॉन (लांबीतला स्ट्रेन) आणि टाऊच्या जागी गॅमाचा (शिअर स्ट्रेनचा) अर्धा. हा अर्धा विसरला की सगळं उत्तर बिघडतं. कारण असं की गॅमा म्हणजे काटकोन एकूण किती बदलला ते, त्यातला अर्धा एका बाजूचा आणि अर्धा दुसऱ्या बाजूचा, आणि टेन्सरसारखा फिरतो तो हा अर्धाच. आणखी एक सुंदर गोष्ट म्हणजे स्ट्रेन ट्रान्सफॉर्मेशनमध्ये मटेरियल कुठेच येत नाही, ती निव्वळ भूमिती आहे, जसं स्ट्रेसचं ट्रान्सफॉर्मेशन निव्वळ समतोल आहे. रबर असो की स्टील, हुकचा नियम (स्ट्रेस आणि स्ट्रेन प्रमाणात असतात हा) येतो तो दोघांना जोडताना.

प्रत्यक्षात स्ट्रेस कोणी मोजू शकत नाही, मोजता येतो स्ट्रेन. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी वेगवेगळं काम करून चिकटवायचा रेझिस्टन्स स्ट्रेन गेज आणला. पण गेज फक्त त्याच्या रेषेतली लांबी किती बदलली तेवढंच सांगतो, शिअर त्याला दिसत नाही, म्हणून एकाच जागी तीन कोनात तीन गेज लावतात, त्याला रोझेट म्हणतात, ०, ४५ आणि ९० अंशांचा किंवा ६० अंशांच्या अंतराचा. समजा ४५ वाल्या रोझेटने ६००, ५०० आणि −२०० मायक्रोस्ट्रेन (लांबीचे दहा लाखांश भाग) दाखवले. गॅमा = मधल्याची दुप्पट वजा बाकी दोघांची बेरीज = १००० − ४०० = ६००. सरासरी २००, फरकाचा अर्धा ४००, गॅमाचा अर्धा ३००, त्रिज्या ५००, म्हणजे प्रिन्सिपल स्ट्रेन ७०० आणि −३००, पहिल्या गेजपासून १८.४३ अंशावर. स्टीलसाठी ई (यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ओढीतला कडकपणा) २०० गिगापास्कल आणि पॉइसनचा रेशो (ओढल्यावर आडवं किती आकसतं त्याचं प्रमाण) ०.३ धरला तर प्रिन्सिपल स्ट्रेस साधारण १३४ आणि −२० मेगापास्कल. इथे नुसतं ई × ७०० मायक्रो करून १४० लिहिणारे खूप असतात, ते चूक आहे, दुसऱ्या दिशेच्या स्ट्रेनचा पॉइसनमुळे पडणारा वाटा घेतलाच पाहिजे, आणि दुसऱ्या दिशेला तर −३०० ला ई ने गुणून −६० येईल जे खऱ्याच्या तिप्पट आहे.

ई, जी (शिअर मॉड्युलस) आणि पॉइसन रेशो (न्यू) यांचं नातं पण इथूनच निघतं. शुद्ध शिअर टाऊ म्हणजे ४५ अंशावर टेन्शन टाऊ आणि कॉम्प्रेशन टाऊ, त्या दिशेचा स्ट्रेन टाऊ × (१ + न्यू) ÷ ई, गॅमा त्याच्या दुप्पट, म्हणून जी = ई ÷ २(१ + न्यू), स्टीलला सुमारे ७७ गिगापास्कल. पाठ करायची गरजच नाही.

हे मात्र सगळ्या दिशांना सारखं वागणाऱ्या, म्हणजे आयसोट्रोपिक मटेरियललाच लागू. तिथेच प्रिन्सिपल स्ट्रेस आणि प्रिन्सिपल स्ट्रेनच्या दिशा एक असतात. लाकूड किंवा कार्बन फायबर कंपोझिटमध्ये धाग्यांना तिरकं ओढलं तर नुसत्या ओढीने शिअर स्ट्रेन पण तयार होतो आणि दोन्ही दिशा वेगळ्या होतात, म्हणून तिथे आधी स्ट्रेस फायबरच्या अक्षांवर फिरवून घ्यायचा, तिथे मटेरियलचे नियम लावायचे, आणि मग स्ट्रेन परत मूळ अक्षांवर आणायचा, लॅमिनेटमधल्या प्रत्येक थरासाठी त्याच्या त्याच्या कोनाने वेगळं.