कंकाल स्नायू : रचना व आकुंचन

सांगाड्याला जोडलेले, आडवे पट्टे दिसणारे आणि इच्छेने हलवता येणारे स्नायू. ‘ऐच्छिक स्नायू’ व ‘रेखित स्नायू’ ही नावेही रूढ आहेत. परंतु पट्टे हृदयाच्या स्नायूतही असतात आणि श्वासपटल झोपेतही चालू राहते, म्हणून ‘कंकाल स्नायू’ हीच संज्ञा अधिक नेमकी वाटते. माणसाच्या शरीरात असे सहाशेहून अधिक स्नायू असून प्रौढाच्या वजनाचा सुमारे ४०% भाग त्यांचा असतो.

संज्ञा : आज मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मांसल अवयव आणि ‘पेशी’ म्हणजे सजीवाचा सूक्ष्म घटक. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मात्र ५०० पेशी व ९०० स्नायू अशी वेगवेगळी गणना आहे. तिथली ‘पेशी’ हाच आजचा स्नायू. हिंदीतील ‘मांसपेशी’ शब्दात तो अर्थ टिकून आहे. ग्रंथातील ‘स्नायू’ म्हणजे नेमके काय, याबद्दल एकमत नाही. कोणी अस्थिबंध (हाडे एकमेकांना जोडणारे पट्टे) व कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) मानतात, कोणी चेतातंतू (मज्जातंतू). फळ्या बंधांनी घट्ट बांधल्या की नाव पाण्यावर भार पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्याने माणूस भार सोसतो, असा दृष्टांत त्याच प्रकरणात आहे. त्यामुळे पहिला अर्थ अधिक सयुक्तिक ठरतो. संहितेचे आजचे रूप इसवी सनाच्या आरंभीच्या काही शतकांत सिद्ध झाले असावे.

रचना : शिजलेल्या कोंबडीच्या छातीचा तुकडा बोटांनी सोडवला की लांब धागे सुटतात. त्यांतला प्रत्येक धागा ही स्नायुतंतूंची जुडी असते. एकेक तंतू, तंतूंची जुडी व संपूर्ण स्नायू यांना संयोजी ऊतकाची स्वतंत्र आवरणे असतात. ती टोकाला एकवटून कंडरेत मिसळतात व ओढ हाडापर्यंत पोचवतात. स्नायुतंतू ही एकच लांबट, अनेक केंद्रके असलेली पेशी असते. तिची जाडी साधारणतः १० ते १०० मायक्रोमीटर, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर असू शकते. तिच्या आत शेकडो तंतुके शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येक तंतुक सार्कोमिअर नावाच्या खंडांची साखळी असते. दोन झेड-रेषांमधला भाग म्हणजे एक सार्कोमिअर. झेड-रेषांपासून ॲक्टिन या प्रथिनाची बारीक सूत्रे आत येतात. मध्यभागी मायोसिन या प्रथिनाची जाड सूत्रे असतात. जाड सूत्रांचा भाग गडद (ए-पट्टा), उरलेला फिकट (आय-पट्टा) दिसतो.

सूत्रे सरकतात की आखडतात? स्नायू कशाने तरी फुगून आखूड होतो, ही समजूत फार जुनी. यान स्वामरडाम (१६३७–८०) यांनी बेडकाचा स्नायू बंद नळीत ठेवून आकुंचनात आकारमान वाढत नाही हे दाखवले. तरीही १९४० च्या दशकापर्यंत प्रथिनांचे लांब रेणू घडी पडून आखडतात, असेच बहुतेक मानत. २२ मे १९५४ च्या ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात दोन लेख लागोपाठ छापून आले : एक अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांचा. (दोन्ही हक्सलींचे नाते नव्हते.) दोघांचे निरीक्षण एकच : आकुंचनात आय-पट्टा अरुंद होतो, ए-पट्ट्याची रुंदी कायम राहते. म्हणजे सूत्रे आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. एकोणिसाव्या शतकातील काही सूक्ष्मदर्शकी निरीक्षकांनीही ए-पट्टा बदलत नसल्याचे नोंदले होते. ते पुढे विस्मरणात गेले, ही या विषयाच्या इतिहासातली खरोखर चुटपुट लावणारी गोष्ट आहे.

सर्वांत वजनदार पुरावा १९६६ मध्ये गॉर्डन, अँड्र्यू हक्सली व जूलियन यांनी दिला. बेडकाच्या एकेका तंतूवर काम करताना त्यांना सर्वाधिक ताण (ओढीचे बल) २ ते २.२ मायक्रोमीटर सार्कोमिअर-लांबीला मिळाला. तंतू ताणत नेला तसा ताण उतरत गेला आणि ३.६५ मायक्रोमीटरच्या आसपास, जिथे सूत्रांची टोके एकमेकांवरून सुटतात, तिथे जवळजवळ शून्यावर आला.

आकुंचनाचा क्रम : चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन सुटते, विद्युत्-स्पंद तंतूच्या पटलावरून आडव्या नलिकांतून आत उतरतो आणि आतल्या जालिकेतून कॅल्शियम बाहेर पडते. हृदयात यासाठी बाहेरचे कॅल्शियम आत यावे लागते. कंकाल स्नायूत दोन प्रथिनांचा थेट यांत्रिक सांधा पुरतो. ट्रोपोनिन व ट्रोपोमायोसिन ही बारीक सूत्रावरची प्रथिने; कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटले की ट्रोपोमायोसिन बाजूला सरकते आणि मायोसिनच्या डोक्यांना (रेणूच्या बाहेर आलेल्या टोकांना) ॲक्टिनवर जागा मिळते. डोके वाकते तेव्हा बारीक सूत्र काही नॅनोमीटर ओढले जाते. पकड सोडवायला एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा) नवा रेणू लागतो. मृत्यूनंतर एटीपी संपतो, डोकी अडकून राहतात व शरीर ताठरते; प्रथिने विघटित होऊ लागल्यावर ते पुन्हा सैल पडते.

‘आकुंचन’ हा शब्द शब्दशः घेऊ नये. भरलेली बादली हात न हलवता धरून ठेवली तर दंडाचा स्नायू पूर्ण ताणात असतो, पण आखूड होत नाही. बादली सावकाश खाली ठेवताना तर तो लांबतो. अशा लांबणाऱ्या आकुंचनात जे जादा बल मिळते, त्याचा उलगडा केवळ सरकत्या सूत्रांनी होत नाही असे काही संशोधक मानतात. झेड-रेषेपासून सार्कोमिअरच्या मध्यापर्यंत पसरलेले टायटिन हे महाकाय प्रथिन स्प्रिंगसारखे त्यात भाग घेत असावे, हे मत सध्या बळावत आहे.

तंतूंचे मंद व जलद असे मुख्य प्रकार आहेत. मंद तंतू मायोग्लोबिन या ऑक्सिजन साठवणाऱ्या प्रथिनामुळे लालसर असतात व उशिरा थकतात.