इस्त्री आणि रीबॉन्डिंग: प्रथिनातले दोन बंध

आषाढात नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या पार्लरमधून इस्त्री फिरवून घेतलेले केस गंगापूर रोडला पोचेपर्यंत वळायला लागतात. रीबॉन्डिंग केलेले मात्र त्याच पावसात महिनोन्‌महिने सरळ राहतात. केराटिन, म्हणजे केसाचे प्रथिन, दोन्हीकडे तेच. हलवलेला बंध वेगळा.

इस्त्री हायड्रोजन बंध सोडवते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिच्यातला एन-एच (नायट्रोजन-हायड्रोजन) गट दुसऱ्या अमिनो आम्लाच्या ऑक्सिजनला धरून असतो; नायट्रोजन ते ऑक्सिजन अंतर सुमारे २.९ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). केराटिनचे मळसूत्र याच बंधांवर उभे आहे, दर ३.६ अमिनो आम्लांमागे एक वेढा. पण पाण्याचा रेणूही असाच बंध करतो. दमट हवेत तो मधे शिरला की इस्त्रीने जुळवलेल्या जोड्या सुटतात.

म्हणून हा बंध कुचकामी समजू नये. येवल्याच्या पैठणीतल्या रेशमात डायसल्फाइड, म्हणजे दोन गंधकांमधले बळकट बंध, जवळपास नाहीतच. ग्लायसिन-अ‍ॅलानिन या अमिनो आम्लांच्या साखळ्या एकमेकींना इतक्या चिकटून रचलेल्या असतात की त्या स्फटिकासारख्या भागात पाणी शिरू शकत नाही. धाग्याची ताकद अशा असंख्य बंधांच्या एकजुटीतून येते.

डायसल्फाइड बंध दोन सिस्टीन अमिनो आम्लांच्या गंधकांमधला, सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून झालेला). लांबी २.०५ अँगस्ट्रॉम, तोडायला मोलमागे सुमारे ६० किलोकॅलरी. हायड्रोजन बंधाला जेमतेम दोन ते पाच. हा पाण्याला दाद देत नाही, त्याला क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारे रसायन) लागतो. रीबॉन्डिंगच्या पहिल्या क्रीममधले थायोग्लायकोलेट तेच काम करते. मग केस धुऊन, वाळवून, इस्त्रीने सरळ करतात आणि शेवटी न्यूट्रलायझर, बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड, गंधकांच्या नव्या जोड्या जुळवतो. पहिले क्रीम जास्त वेळ राहिले तर फार बंध तुटून ओला केस रबरासारखा ताणतो आणि तुटतो. न्यूट्रलायझर अपुरा पडला तर तुटलेले बंध उघडेच राहतात.

क्रम इथे महत्त्वाचा: आधी आकार, मग कुलूप. बळकट बंधच प्रथिनाला आकार देतो, हा समज बऱ्याच विद्यार्थ्यांचा असतो, आणि तो चुकीचा आहे. अ‍ॅन्फिन्सेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञांनी रायबोन्यूक्लिएज या आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमवर हेच दाखवले. १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. या प्रथिनात १२४ अमिनो आम्ले आणि चार डायसल्फाइड. ८ मोलर युरियाने घडी उलगडली, मर्कॅप्टोइथेनॉल या क्षपणकाने डायसल्फाइड तोडले. दोन्ही काढून टाकल्यावर हवेतल्या ऑक्सिजनने आठ गंधक पुन्हा बरोबर जोडीने जुळले आणि एन्झाइम कामाला लागले. युरिया तसाच ठेवून जुळवले, तर शक्य असलेल्या १०५ जुळण्यांपैकी कुठलीही होते, आणि क्रियाशीलता उरते जेमतेम एक टक्का.

प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर हा फरक डोळ्यांनी दिसतो. आयजीजी हे रक्तातले प्रतिपिंड फक्त एसडीएस या घडी उलगडणाऱ्या डिटर्जंटमध्ये उकळले तर पट्टा १५० किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचे एकक) आसपास; डीटीटी (हाही क्षपणक) घातले की डायसल्फाइड तुटून ५० आणि २५ असे दोन. तीनही दिसले, तर बहुतेक वेळा डीटीटी जुने झालेले असते. ते हवेत ऑक्सिडाइज होते, म्हणून ऐन वेळी ताजे घालावे.