जुनाट कंबरदुखी : देखरेखीखालील व्यायाम आणि घरचा व्यायाम

बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीला जुनाट म्हणतात. बहुतेक रुग्णांत मणका, चकती वा नस यांपैकी कशावरही नेमके बोट ठेवता येत नाही. अशा दुखण्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही व्यायामाची शिफारस केली आहे. तो फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली करावा की शिकून घेऊन घरी, हा प्रश्न कोकणपट्टीत जास्त जिकिरीचा होतो. वाडीतून एसटीने तालुक्याला जाऊन येण्यातच अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते.

देखरेखीत चूक तिथल्या तिथे सुधारते, भार बेताने वाढवला जातो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे भीती जाते. ‘वाकलो तर मणका सरकेल’ या धास्तीने महिनोन्महिने जपून बसलेला माणूस उताणा झोपून, गुडघे मोडून पहिल्यांदा कंबर उचलतो, तेव्हा दातओठ आवळून श्वास रोखून धरतो. शेजारून कोणी ‘श्वास सोडा’ म्हटले, की कंबर आणखी चार बोटे वर येते.

तरीही दुखणे कमी होण्यात फरक थोडाच पडतो. अमेरिकेत ३०१ रुग्णांवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ आठवड्यांच्या देखरेखीने धडाच्या स्नायूंची ताकद व दमसास सर्वांत जास्त वाढला, रुग्णांचे समाधानही अधिक होते. वेदनेत मात्र घरच्या व्यायामापेक्षा लक्षणीय फरक आढळला नाही. घरच्या गटालाही व्यायाम आधी नीट शिकवलेला होता, हे विसरता कामा नये. नुसता छापील कागद हातात देणे म्हणजे घरचा व्यायाम नव्हे.

घरचा व्यायाम सुटतो तो बहुधा भातलावणीत. दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईला संध्याकाळी आणखी व्यायाम सांगणे निष्ठूरपणाचे वाटते. पण लावणीत कंबर तासन्‌तास एकाच बाजूला वाकलेली राहते. व्यायामात ती सगळीकडे, बेताबेताने हलते. म्हणून ताकदीचे व्यायाम वैशाखातच सुरू करावेत. लावणीच्या दिवसांत तरव्याची (भाताच्या रोपांची) मूठ संपली की उभे राहून, हात कमरेवर ठेवून मागे झुकावे, एवढे पुरे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांना सुट्टीच्या दिवशी पुळणीच्या ओल्या, घट्ट वाळूवर चालणे सोयीचे. सुरुवातीला दोन-तीन भेटी, मग घरी सराव आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तपासणी, हा मेळ इथे सर्वांत व्यवहार्य आहे.

लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघांमध्ये बधिरता, पायातली वाढती कमजोरी किंवा सोबत ताप असेल, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.