‘अंगात रगत नाही’: एका जुन्या तक्रारीची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या नात्यातलं एक घर आहे. मागच्या पावसाळ्यात तिथं चार दिवस राहिले. घरातली सून सहा महिन्यांची गरोदर. स्वयंपाकघरातल्या दिवळीत, मिठाच्या बरणीमागं तिचं गरोदरपणातल्या तपासण्यांचं कार्ड उभं करून ठेवलेलं. कर्नाटकात या कार्डाला ‘तायी कार्ड’ म्हणतात. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, पण आमच्याकडची मराठी माणसं ‘ताई कार्ड’च म्हणतात, जणू थोरल्या बहिणीनंच लिहून दिलंय. हिमोग्लोबिनच्या रकान्यात निळ्या पेनानं ८.६ लिहिलेलं होतं. गरोदरपणात ते निदान ११ हवं.

सासूबाई म्हणाल्या, “काय खातच नाही बघ ही. मग अंगात रगत कुठनं यायचं?” सून काही बोलली नाही. तिनं पाकिटातनं लाल गोळी काढली आणि हातातल्या चहाच्या घोटाबरोबर गिळली.

चहाचं पुढं येईलच. आधी सासूबाईंच्या बोलण्याचं बघू. ‘खात नाही म्हणून रक्त नाही’ हे आपण इतकं सहज म्हणतो, की त्यात सगळा दोष बाईच्या पदरात पडतो हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. शंभर वर्षांत जे कळत गेलं ते वेगळं आहे. रक्ताचा हिशेब ताटापाशी संपत नाही. यकृत, मूत्रपिंडं आणि मेंदूच्या तळाशी असलेली इवलीशी ग्रंथी यांच्याही हातात तो असतो. या उलगड्यातले काही टप्पे मुंबईत घडले, काही थेट आपल्या बेळगाव जिल्ह्यात. सीमाभागातल्या घराघरांत ही गोष्ट पोचायला हवी असं मला मनापासून वाटतं.

रक्तक्षय हा आजार जुनाच. चरकसंहितेत पांडुरोगावर, म्हणजे अंग फिकट पडण्याच्या आजारावर, स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यावरच्या औषधांत लोह आणि मंडूर, म्हणजे लोखंडाचा जुना कीट, आहेत. फ्रान्समध्ये पिएर ब्लो या डॉक्टरांनी १८३२ साली फिकट पडलेल्या मुलींसाठी लोहाच्या गोळ्या काढल्या, त्या पुढं कित्येक वर्षं चालल्या. म्हणजे लोहाचा आणि रक्ताचा संबंध माणसाला फार आधी कळला होता. पण लोह देऊनही बऱ्या न होणाऱ्या बायका होत्या, आणि त्या का बऱ्या होत नाहीत हे कुणाला सांगता येत नव्हतं.

१९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. तेव्हा बेळगावही मुंबई इलाख्यातच होतं. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत आणि त्यातल्या कितीतरी दगावत. भारतात काम करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी हा प्रश्न आधीपासून लावून धरला होता. विल्स आल्या त्या त्याचाच छडा लावायला. हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केलं. या बायकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येनं कमी, पण आकारानं भलत्याच मोठ्या होत्या. आधी जंतूंचा संशय घेऊन बघितला, तो निघाला नाही. मग बायका काय खातात याची नोंद घेतली. ताटात भाजी नाही, फळ नाही, दूध-मांस जवळजवळ नाहीच. तसाच आहार उंदरांना आणि माकडांना दिला, तर तीही फिकी पडली.

इलाज सापडला तो मार्माइटमध्ये. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळा, खारट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खात. आजारी माकडाला तो दिल्यावर रक्त वाढलं. बायकांना दिला, तर काही दिवसांतच नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये विल्स यांनी हे छापलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून लोक त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं केलं गेलं आणि पानावरूनच त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळालं. मुंबईतल्या गिरणी कामगार बायकांना बरं करणारं द्रव्य हेच होतं. खानापूरच्या त्या सुनेच्या लाल गोळीत लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. त्याची वाट परळच्या गिरण्यांपर्यंत मागं जाते.

आता लोहाकडं वळू. १९३७ च्या सुमारास एल्सी विडोसन आणि रॉबर्ट मॅकन्स या इंग्रज संशोधकांच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली. जास्त झालेलं मीठ शरीर लघवीवाटे टाकतं, तसं लोह टाकत नाही. जादा लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही. मग लोह प्रमाणात राहायचं तर ते आत घेतानाच मोजून घेतलं पाहिजे, म्हणजे आतड्यात कुठंतरी राखणदार असला पाहिजे. तो कोण, हे कळायला पुढं साठेक वर्षं गेली.

‘हार्मोन’ म्हणजे संप्रेरक हा शब्द त्याच्या आधीच रुळला होता. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी तो १९०५ मध्ये वापरात आणला. एका अवयवात तयार होऊन रक्तातनं दुसऱ्या अवयवाला निरोप देणारं द्रव्य, असा त्याचा अर्थ. पुढचंच वर्ष, १९०६, या गोष्टीत दोनदा येतं. त्या वर्षी पॅरिसमध्ये कार्नो आणि डेफ्लांद्र यांनी मांडलं की रक्त कमी झालं की शरीरात एक द्रव्य तयार होतं आणि नवं रक्त बनवायला लावतं. हे एरिथ्रोपोएटिन, मूत्रपिंडांतून येणारं. आणि त्याच वर्षी लंडनमध्ये हेन्री डेल यांना दिसलं की मेंदूच्या तळाच्या ग्रंथीचा अर्क दिला की गर्भाशय आकुंचन पावतं. हे ऑक्सिटोसिन, त्याचं पुढं येतं.

आतड्यातला राखणदार सापडला २००० ते २००१ च्या दरम्यान. नाव हेप्सिडिन. हेही संप्रेरकच, तयार होतं यकृतात. आतड्याच्या पेशीत आलेलं लोह रक्तात जायला एक दार असतं. हेप्सिडिन वाढलं की ते दार बंद होतं. लोह पेशीतच अडकतं, चार-दोन दिवसांत पेशी झडते आणि तिच्याबरोबर लोहही शौचावाटे जातं. अंगात ताप असेल, जुना संसर्ग असेल, कुठं सूज असेल तर हेप्सिडिन वाढतं. जंतूंनाही लोह लागतं, म्हणून शरीर ते कोंडून ठेवतं असा यामागचा कयास आहे. म्हणजे बाई जेवली, गोळीही घेतली, पण अंगात संसर्ग मुरलेला असेल तर त्यातलं फार थोडं रक्तात उतरतं. तिला ‘खात नाहीस’ म्हणण्यात काय अर्थ?

गरोदरपणात शरीर उलट वागतं. दिवस भरत जातात तसं हेप्सिडिन उतरतं आणि दार उघडं राहतं, कारण बाळ, वार आणि आईचं वाढलेलं रक्त धरून साऱ्या गरोदरपणाला सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह लागतं. पण दार उघडं असून बाहेर काही नसेल तर आत येणार काय! आमच्याकडची भाकरी, मसूर, नाचणी यांत लोह असतं, पण फायटेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यानं ही पकड सैल होते. नाचणीचं आंबील आणि मसुरीची मोड आलेली उसळ करणाऱ्या आज्यांना फायटेट हा शब्द माहीत नव्हता, कृती मात्र पक्की ठाऊक होती. वर लिंबू पिळलं तर आणखी फायदा.

आणि चहा. १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की चहातलं टॅनिन लोहाला बांधून टाकतं आणि ते अंगी लागण्याचं प्रमाण चांगलंच घटतं. त्या सुनेला हे कुणी सांगितलंच नव्हतं. गोळीनं मळमळतं, तोंडाला लोखंडाची चव येते, ती चहानं जाते, म्हणून ती चहाबरोबर घ्यायची. शौचाला काळं होतं म्हणून मध्ये आठ दिवस गोळी बंदच केली होती, तेही दुसऱ्या दिवशी रात्री भांडी घासताना हळूच सांगितलं. ते काळेपण न शोषलेल्या लोहाचं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एवढं समजल्यावर तिचा चेहराच बदलला.

गोळ्या वाटायची राष्ट्रीय योजना भारतात १९७० मध्ये सुरू झाली. २०१८ पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या नावानं ती चालते. लाल गोळी गरोदर बायकांना, निळी किशोरवयीन मुलामुलींना, गुलाबी लहान शाळकरी पोरांना. कर्नाटकात २०१७ च्या २ ऑक्टोबरपासून मातृपूर्ण योजनेखाली अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा बायकांना दुपारचं गरम जेवणही मिळू लागलं. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला. गोळी पुढं केली म्हणजे काम झालं, या समजुतीची ही किंमत आहे असं मला वाटतं. झुरिकच्या संशोधकांनी २०१५ पासून दाखवलंय की लोहाचा एक मोठा डोस घेतला की हेप्सिडिन दिवसभर चढं राहतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. हे प्रयोग गरोदर नसलेल्या तरुण बायकांवर होते, म्हणून हे वाचून कुणी गरोदर बाईनं डॉक्टरांना न विचारता गोळ्यांचा क्रम बदलू नये.

आता ऑक्सिटोसिन. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय मुठीसारखं आवळावं लागतं, तरच वार सुटल्याच्या जागी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या मिटतात. हे ऑक्सिटोसिन करतं. १९५३ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू व्हीन्यो यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इंजेक्शन झालं, पण ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि टोचायला जाणकार हात लागतो.

माझा धाकटा भाऊ घरातच जन्मला. आई तेव्हा किती वाहिली हे आजी सांगायची ते ‘दोन लुगडी भिजली’ असं. तेच माप. सुईणीच्या हातात दुसरं काही नव्हतं. मुळात रक्त भरपूर असलेली बाई एवढा स्राव सोसून जाते. हिमोग्लोबिन ७ पर्यंत उतरलेली बाई त्यात दगावू शकते. लोहाची गोष्ट आणि ऑक्सिटोसिनची गोष्ट बाळंतिणीच्या खाटेपाशी अशी एक होते.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर हाच प्रश्न हातात घेतला. २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत १,६२० बाळंतपणांत त्यांनी एक चाचणी केली. निम्म्या बायकांना बाळ जन्मताच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं गर्भाशय आवळायला मदत करतात, त्यांच्याच जातीचं हे औषध. फ्रीज नको, सुई नको. देणाऱ्या होत्या उपकेंद्रातल्या नर्सबाई. औषध न मिळालेल्या गटात १२ टक्के बायकांना जादा रक्तस्राव झाला, मिळालेल्या गटात ६.४ टक्के. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

त्या चाचणीसाठी रक्त नेमकं मोजायला हवं होतं. म्हणून प्लॅस्टिकची एक चादर वापरली गेली. बाळंतिणीच्या खाली अंथरायची, तिचा खालचा भाग नरसाळ्यासारखा, त्यावर मिलिलिटरच्या खुणा. डोळ्यांचा अंदाज आणि ही चादर यांची तुलना केली, तेव्हा अंदाज सरासरी २०३ मिलिलिटर आणि प्रत्यक्ष रक्त ३०३ असं निघालं. शिकलेले डोळेही तिसरा हिस्सा चुकत होते. अशाच खुणांच्या चादरी पुढं आफ्रिकेतल्या चार देशांत वापरल्या गेल्या. वेळेवर ओळख आणि सगळे उपचार एकदम सुरू करणं यांची जोड दिल्यावर गंभीर रक्तस्रावाचे प्रसंग ६० टक्क्यांनी घटले, हे २०२३ मध्ये जगापुढं आलं. आजीच्या दोन लुगड्यांपासून इथवर.

बेळगावातलं काम यानंतरही थांबलं नाही. चार देशांतल्या एका अभ्यासात, ज्यात भारताचं केंद्र बेळगाव होतं, काही बायकांना गरोदर राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून पोषक द्रव्यांचा पूरक आहार दिला. ज्यांना काहीच जादा दिलं नव्हतं त्यांच्या बाळांपेक्षा या बायकांची बाळं सुमारे अर्धा सेंटीमीटर लांब भरली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी माता-बालकांचा जो अभ्यास चालवला, त्यातही आईच्या पोषणाची सावली पोरावर किती लांब पडते हे दिसलं. ज्या आयांच्या रक्तात फोलेट (म्हणजे फोलिक ॲसिडच) जास्त आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, त्यांच्या मुलांची शरीरं सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट दाद देत नव्हती. बी-१२ धान्यात आणि भाजीपाल्यात मिळत नाही. आमच्या भागातल्या माळकरी, लिंगायत, जैन घरांनी दूध, दही, ताक ताटात ठेवायला हवं, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणीही करून घ्यायला हवी.

२०२१ पासून बेळगावच्याच संशोधकांनी आणखी एक चाचणी हाती घेतली. मध्यम रक्तक्षय असलेल्या गरोदर बायकांना रोजच्या गोळ्यांऐवजी शिरेतून लोहाचा एकच डोस देऊन बघायचा. आतड्यातलं दार टाळून लोह सरळ रक्तात.

खानापूरहून निघायच्या दिवशी सकाळी सासूबाई स्वतः दिवळीपाशी गेल्या. पाण्याचा तांब्या सुनेपुढं ठेवला, चहाची कपबशी उचलून चुलीकडं नेली आणि म्हणाल्या, “आधी गोळी घे. च्या मागनं देतो तासाभरानं.” धाकटी नणंद दप्तर आवरत होती. तिला शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते. तिनं विचारलं, “वैनी, माझीपण चहाच्या आधीच काय गं?”